प्लस, मायनस आणि अप्पा

परवा जिन्यात अप्पा कोणाला तरी सांगत होते, "तिला काही जमत नव्हतं हो. शेवटी मी उभा राहून करून घेतलं."

करून घेतलं! माझ्या रेडिओ कंट्रोल गाडीच्या बॅटरीला कनेक्टर मी जोडला, पाठ माझी आखडली, राळेचा धूर माझ्या नाकात गेला, आणि करून घेतलं अप्पांनी. मी वरच्या पायरीवर गप्प उभी. तेव्हापासून मनातल्या मनात मात्र अखंड बोलतेय.

मुळात ही वेळ यावीच का? गाडीला एक प्लग, बॅटरीला दुसरा. टी-प्लग, एक्सटी-६०, ईसी-५, बुलेट... बनवणाऱ्यांची आपसात बोलाचाली नाही, आणि भुर्दंड आपल्याला. म्हणून जुना प्लग कापून दुसरा जोडायला सोल्डरिंग, म्हणजे धातूची तार वितळवून सांधा करणं, शिका. व्हिडिओतला माणूस म्हणतो, दोन मिनिटांचं काम. त्याच्या हातात शंभर वॉटचं सोल्डरिंग आयर्न असतं, हे तो सांगत नाही. नवशिक्यांच्या किटमध्ये येतं ते पेन्सिलीएवढं, २५ वॉटचं, सुईसारख्या टोकाचं. सर्किट बोर्डाला ठीक आहे. पण बॅटरीची वायर १२ गेजची, म्हणजे चांगली जाड. एवढं तांबं टोकाची सगळी उष्णता ओढून घेतं आणि स्वतः थंडच राहतं. ६३/३७ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर तार १८३ अंशांना वितळते, त्यामुळे टोकावर ती छान पाघळते, वायरवर मात्र चघळलेल्या च्युइंगमसारखी बसून राहते. ओढलं की सुटली. हात वाईट नसतो, वॉट कमी असतात, एवढं एक वाक्य बोलायला त्या माणसाचं काय जात होतं?

शेवटी ६० वॉटचं, छिन्नीसारख्या चपट्या टोकाचं आयर्न आणलं. धूर जावा म्हणून दार उघडं ठेवलं. तिथून अप्पा आले.

"काय जळतंय गं?"

"काही नाही, अप्पा. सोल्डरिंग."

"मिस्टर नाहीत का घरी?"

"आहेत. झोपलेत."

"मुलाची गाडी वाटतं?"

"माझी."

अप्पांनी हे ऐकलं नाही असं ठरवलं आणि खुर्ची ओढली. बॅटरीवर लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, लिहिलेलं वाचून ती खुर्ची पुन्हा दाराशी नेली. "ही पेट घेते म्हणे."

"तारा एकमेकींना भिडल्या तर. म्हणून एका वेळी एकच कापायची, ती जोडायची, झाकायची, मग दुसरी."

"वेळखाऊ आहे. दोन्ही एकदम कापून टाक ना." आणि टेबलावरची कात्री उचलून माझ्यापुढे धरली.

"अप्पा, कात्री लोखंडी आहे. दोन्ही तारा तीच जोडेल."

"व्होल्ट किती?"

मीटर लावून दाखवला. ७.६. दोन सेल, साठवणीत प्रत्येकी ३.८.

"एवढेच? मी घरच्या लाइनचा शॉक खाल्लाय, उघड्या हाताने."

"शॉक नाही लागत हो. पण शॉर्ट झालं तर शेकडो अँपिअर वाहतात."

"म्हणजे व्होल्टला घाबरायचं की अँपिअरला?"

"कात्रीला. खाली ठेवा."

ठेवली. पण गप्प बसतील तर अप्पा कसले. "लाल म्हणजे प्लस हे कोणी ठरवलं?"

"तसंच असतं."

"आणि कारखान्यातल्या माणसाने उलटी लावली असेल तर?"

हा प्रश्न नेमका बरोबर होता, आणि तोच मला सगळ्यात जास्त झोंबला. मीटर मी त्यासाठीच लावला होता. पण आता तो अप्पांच्या सांगण्यावरून लावल्यासारखा दिसू लागला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एक्सटी-६०च्या पिवळ्या अंगावरचं अधिकचं चिन्ह शोधलं आणि ते मला दाखवलं. मला!

खरं काम सुरू झालं. कनेक्टरची जोडी एकमेकींत खुपसून ठेवली, नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं आणि आतल्या पिना तिरक्या होतात. वायरच्या टोकाला आधी सोल्डर पाजली. आवरण सिलिकॉनचं, ते वितळत नाही, ही या धंद्यातली एकमेव दयाबुद्धी. पिनेच्या वाटीत सोल्डर भरली, ती आरशासारखी चमकली, तार आत बुडवली, आयर्न उचललं. आता तीन-चार सेकंद हात हलवायचा नाही. श्वास रोखलेला.

अप्पांनी पंखा लावला.

"धूर जाईल," म्हणाले. धूर गेला. समोरची वायर हलली, चमकणारं सोल्डर डोळ्यांदेखत खरखरीत आणि मळकट झालं. अप्पा वाकून म्हणाले, "कच्चं राहिलं. पुन्हा कर."

ते सांध्याविषयी बोलत होते, आणि बरोबर बोलत होते. पुन्हा केलं. पंखा बंद करून. उष्णतेने आकसणारी नळी वायरवर आधीच चढवून ठेवलेली होती. ती खाली ओढून आकसवली, मग काळी वायर तशीच. जाताना दारातून अप्पांनी विचारलं, "अडॅप्टर नाही का मिळत याला?"

मिळतो. पण एक जोड वाढतो, तिथे विजेला विरोध वाढतो, आणि जोरात गाडी पळवली की तो तापतो. हे सगळं मी जिन्यात ओरडून सांगणार होते. तोवर ते खालच्या मजल्यावर पोचले होते.

गाडी मात्र सुसाट पळते. पळून पळून बॅटरी उतरली, चार्जरला लावायला गेले, तर चार्जरच्या वायरीला टी-प्लग. प्लग बनवणाऱ्यांच्या या जमातीला एकदा एका खोलीत कोंडून एकच प्लग ठरवा म्हणून सांगावं, आणि बाहेर अप्पांना बसवावं. आता पुन्हा आयर्न तापत ठेवलंय. खिडक्या सताड उघड्या आहेत. दाराला कडी.