मुंडकं हातात, धड इंजिनात

सुटणारा बोल्ट कुरकुरतो, तुटणारा बोल्ट लाडात येतो. जुन्या गाडीच्या इंजिनात हात घालणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं दुखणं टळतं. कुरकुर चालू आहे तोवर आटे आट्यांवर घासतायत, म्हणजे आशा आहे. पाना एकाएकी मऊ लागला, की बोल्ट फिरत नसतो, पिळवटत असतो. नेमक्या त्याच क्षणी माणसाचा चेहरा उजळतो, "सुटला!" असं तोंडातून जातं, आणि बारा मिलिमीटरचं मुंडकं गोटीत, म्हणजे पान्याच्या सॉकेटात, अडकून हातात येतं.

आमच्या भागात या प्रसंगाची तयारी निसर्ग आणि मालक मिळून करतात. बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडचा पाऊस चार महिने बाहेरून भिजवतो. आतून भिजवायला बोअरचं पाणी आहेच. कूलंटला पैसे कशाला, म्हणून रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं तेच ओतलं जातं. मारुती ८०० चं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये क्षाराचं पाणी, म्हणजे बारीकशी बॅटरीच झाली. ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड आट्यांत गच्च बसते. सायलेन्सरकडच्या मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, पाण्याचीही गरज नाही; तिथं तापणं-निवणं आणि गंज पुरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त घेतो. वीस वर्षं एकाच घरात राहिलेल्या भाडेकरूसारखा तो बोल्ट मग भिंतीचाच भाग होऊन बसतो.

बोनेट उघडं दिसलं की गल्लीत "काय करूलालासा ओ?" सुरू होतं आणि सल्लागार मंडळ जमतं. एक बाजू म्हणते, "हाण की मर्दा!" दुसरी कानडीत तेच म्हणते, "होडीरी, होडीरी!" साठ-सत्तर वर्षांचा सीमावाद हातोड्यापाशी असा चुटकीसरशी मिटतो. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंचं निम्मं बरोबरही असतं. बोल्टाच्या डोक्यावर सरळ, बेताच्या टिचक्या मारल्या तर गंजाला भेगा जातात आणि तेल आत शिरायला वाट मिळते. पण बेताच्या हा शब्द कुठल्याच भाषेत कुणी ऐकून घेत नाही.

बोल्ट अजून शाबूत असेल तर आधी तारेच्या ब्रशनं आटे मोकळे करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि घरी जा. खरंच जा. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा मारा. सहा कोनी गोटी वापरा. बारा कोनी गोटी कोपरे सोलते. पहिला झटका सोडवायच्या नाही, आवळायच्या दिशेनं, अगदी किंचित. मग पाव आटा मागे, अर्धा पाव पुढे, पुन्हा तेल. लांब पाइप पान्याला जोडणाऱ्याला मी गाडीपासून दहा फूट लांब उभा करीन.

तरी हलेना तर उष्णता. तापवायचं ते बोल्टाभोवतीचं ॲल्युमिनियम, कारण तेवढ्याच उष्णतेनं ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं आणि भोक सैल होतं. मात्र ॲल्युमिनियम लोखंडासारखं लाल होऊन सूचना देत नाही. ६६० अंशांच्या आसपास, मिश्रधातू असेल तर त्याच्याही आधी, ते थेट ओघळतं. म्हणून ज्योत फिरती ठेवायची. तापलेल्या बोल्टाला मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, हा जुन्या मिस्त्रींचा उपाय आजही नव्या स्प्रेला हार जात नाही. तेल आधी पुसा. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर पेट्रोलची नळी आधी सोडवून बाजूला न्या, नाहीतर बोल्टाऐवजी गाडीच सुटेल.

आणि तुटलाच, तर आधी पाहायचं किती बाहेर उरलाय. पाच-सहा मिलिमीटर असेल तर नशीब चांगलं: त्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून आत वेल्डिंग करायचं. मला हा उपाय सगळ्यांत आवडतो, कारण एकाच कामात दोन होतात. पकडायला नवं डोकं मिळतं आणि वेल्डिंगच्या आचेनं बोल्ट आतून तापून आट्यांतली पकड मोडते. लाली गेली की कोमट असतानाच हळूहळू हलवा. पहिला नट बहुधा निघून येतो, दुसरा टिकतो. बॅटरीची वायर आधी काढा, अर्थचा चिमटा जवळच लावा. अल्टरनेटरचे डायोड जळाले तर ते बिल वेगळं.

हेडच्या पातळीत किंवा आत तुटला असेल तर ड्रिलला पर्याय नाही. खरी कला सेंटर पंचात, म्हणजे ड्रिलसाठी मध्यावर टिंब ठोकायच्या टोकदार हत्यारात, आहे. तुटका माथा आधी कानशीनं सपाट करायचा, मग बरोबर मध्यावर ठोकायचं. टिंब एक मिलिमीटर जरी चुकलं तरी ड्रिल कडक पोलाद सोडून शेजारच्या मऊ ॲल्युमिनियममध्ये घसरतं, आणि मग भोक बोल्टाचं राहत नाही, हेडचं होतं. आधी ३ मिलिमीटरचं ड्रिल, मग ५ चं, सावकाश, तेल घालत. उलट्या पिळाचं ड्रिल मिळालं तर उत्तम. कधीकधी भोक पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. नाही आला तर ६.५ पर्यंत जायचं. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १.२५ चा आटा असतो, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढं; आटे पाडण्याआधीच्या भोकाचं माप ६.८. त्याच्या अलीकडे थांबलं की उरतं ते पातळ टरफल. ते बारीक छिन्नीनं आत दुमडून चिमट्यानं काढायचं आणि ग्रीस लावलेला टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून आटे साफ करायचे. कीस ग्रीसला चिकटतो, इंजिनात पडत नाही.

एक्स्ट्रॅक्टर नावाचं शंकू आकाराचं हत्यार दुकानदार फार प्रेमानं विकतो. पण ते जितकं आत जातं तितकं तुकड्याला फुगवून भोकात आणखी घट्ट करतं. शिवाय ते स्वतः तुटलं, तर इतकं कडक असतं की साधं ड्रिल त्यावर नुसतं गुळगुळीत होतं. मग हेड उतरवून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्या स्पार्कच्या मशीनवाल्याकडे जायचं, आणि तो पैसे सांगण्याआधी जो हसतो त्याचाही हिशेब धरायचा.

आटेच गेले तर घाबरू नका. हेलिकॉइल घालता येतं: ८.३ चं भोक, त्याच्याच संचातला टॅप आणि स्टेनलेस तारेची गुंडाळी. मूळच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा ते जास्त टिकतं.

नवा बोल्ट बसवताना कॉपर ग्रीस लावा आणि आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवा, कारण ओल्या आट्यांत तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. आणि हार्डवेअरच्या दुकानातून सुटा बोल्ट उचलू नका. मारुतीच्या ८ च्या बोल्टाला १२ चा पाना लागतो, बाजारातल्याला १३ चा. चारांतले तीन १२ चे आणि एक १३ चा बसवून ठेवलात, तर पुढचा मिस्त्री तुमची आठवण काढील. कुठल्या भाषेत ते तो कुठल्या गावचा आहे त्यावर.