काचेवर टकटक करू नका हो!

दर वेळी तेच. मत्स्यालयात शिरून पाच मिनिटं होत नाहीत, तोच कुणीतरी काच ठोकायला लागतं. काल समुद्रघोड्यांच्या टाकीसमोर एक गृहस्थ बोटातली अंगठी काचेवर आपटत मुलाला सांगत होते, "थांब, आत्ता हलेल बघ!" शेपटीने गवताला घट्ट धरून बसलेला तो एवढासा जीव, पळून पळून जाणार कुठे? अहो, पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना संवेदनांची रेघ असते, पाण्यातली बारीक थरथरही तिला कळते. शेजारीच पाटी होती, ठळक मराठीत. टोकलं, तर म्हणे, "तिकीट काढलंय आम्ही." बघायचं काढलंय ना? मग बघा की गुपचूप! आणि तो फ्लॅश बंद करा आधी.