खडकवासला रिकामं ठेवलं की पूर टळतो?

जुलै उजाडला की पुण्याच्या वरचं खडकवासला धरण आणि खाली भीमेवरचं उजनी धरण यांवरून हा मजकूर ग्रुपांवर फिरू लागतो: 'खडकवासला आधीच रिकामं केलं असतं तर पुण्यात पूर आला नसता. उजनी भरली की पाणी उलटं पुण्यात तुंबतं. आणि सोडलेलं पाणी समुद्रात वाया जातं.'

पहिल्या मुद्द्याचं गणितच जुळत नाही. खडकवासल्याची क्षमता 1.97 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). दिवसभर 11,574 क्युसेकने, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट, पाणी वाहिलं की एक टीएमसी होतो. पुण्यात पूर आला त्या 25 जुलै 2024 ला धरणातून विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात होता. एवढा येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, असेल तर ठणठणीत कोरडं खडकवासलाही सोळा तासांच्या आत काठोकाठ भरेल. म्हणजे पूर फार तर काही तास पुढे जाईल. शिवाय शहराचं पाणी आणि मुठा उजवा कालवा इथूनच निघतात, त्यामुळे ते कोरडं ठेवताच येत नाही. खरा साठा वरच्या धरणांत आहे: वरसगाव 12.82, पानशेत 10.65, टेमघर 3.71 टीएमसी. वाद घालायचाच तर इथे घाला. जुलैच्या मध्यात या धरणांत किती जागा मोकळी ठेवायची, विसर्ग दिवसाउजेडी टप्प्याटप्प्याने का वाढवला नाही, हे रास्त प्रश्न आहेत. मात्र जागा ठेवली आणि ऑगस्ट कोरडा गेला, तर उन्हाळ्यात शहरासकट कालव्यावरचा दौंड-इंदापूरचा शेतकरीही तहानतो.

पुराला धरणच लागतं असंही नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने हाहाकार केला, तो कात्रजकडच्या डोंगरउतारावरच्या पावसाने. ओढ्याच्या काठाला भिंत आणि पात्रात राडारोडा, मग पाणी घरात शिरणारच.

उजनीचं पाणी उलटं येणं तर अशक्यच. तिची पूर्ण संचय पातळी, म्हणजे काठोकाठ भरल्यावरची पाण्याची उंची, समुद्रसपाटीपासून 496.83 मीटर. पुणे साधारण 560 मीटरवर. नदीचं पात्र वीसेक मीटर खाली धरलं तरी चाळीस मीटरचा चढ उरतो. उजनीचा फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेलं पाणी, दौंड तालुक्यातच संपतो.

राहिला समुद्र. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसला भीमेला, आणि भीमा उजनीत येते. उजनीची एकूण क्षमता 117 टीएमसी. ती भरेपर्यंत पुण्यातून गेलेलं पाणी तिथेच साठतं. म्हणून तर उजनीवर अवलंबून असलेले सोलापूरकर दौंडहून उजनीत येणाऱ्या विसर्गाकडे डोळे लावून बसतात. घाटाखाली कोकणात उतरतं ते मुळशीचं पाणी, भिऱ्याच्या वीजघरातून. त्याचा खडकवासल्याच्या दरवाजांशी काही संबंध नाही.