‘त्यांना एकटं सोडा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या शेजारचे दादा संध्याकाळी कामावरून सायकलने घरी येत होते. मागून आलेल्या गाडीने धडक दिली आणि ते जागच्या जागी गेले. त्यानंतर चौथ्या दिवशी माझ्या फोनवर एक मेसेज आला. एकाच दिवसात तो तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर फिरला. अपघातात माणूस गेलेल्या घराशी शेजाऱ्यांनी कसं वागावं, याची त्यात कलमं होती. घरच्यांना एकटं सोडा, ‘काही लागलं तर सांगा’ एवढंच म्हणा. गेलेल्याचं नाव काढू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत त्यांना सगळं बोलून टाकायला लावा, नाहीतर दुःख आत साचतं. दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, सहा महिन्यांत माणूस सावरतो. लहान मुलांना खरं सांगू नका. गाडी चालवणाऱ्याच्या घराशी संबंध तोडा. आणि तळाशी ठळक अक्षरांत: हेल्मेट असतं तर जीव वाचला असता, हा धडा सगळ्यांना सांगा.

नाव काढायचं नाही आणि सगळं बोलायलाही लावायचं, हे दोन्ही एकदम कसं जमवायचं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. दोन जण तर माझ्या रोजच्या ओळखीतले. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

‘एकटं सोडा, काही लागलं तर सांगा.’ हे वाक्य मीही बोललो होतो, दारातच, चपला न काढता. वहिनींनी मान हलवली. त्यांना काय लागतंय हे त्यांना तरी कुठे कळत होतं? आजारपणात घराची थोडीफार तयारी झालेली असते. इथे सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी येत नाही आणि अर्ध्या तासात दारात पोलीस असतात. ओळख पटवा, शवविच्छेदनाची वाट पाहा, जबाब द्या, मृत्यूचा दाखला काढा, त्याच्या प्रती बँकेत द्या, विमावाल्यांना द्या. शिवाय फोन. वहिनी दिवसभर तेच ते सांगत होत्या: कुठे झालं, किती वाजता, हो लगेच, नाही, त्रास नाही झाला. प्रत्येक फोन करणाऱ्याला वाटतं आपण एकदाच विचारतोय.

‘सांगा’ म्हटलं की मागण्याचं काम त्यांच्याच गळ्यात पडतं. त्याऐवजी ठरवून एक काम उचलायचं आणि ‘हे मी करतोय’ एवढं कळवायचं. दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि वहिनींच्या भावाला विचारून त्यांचा फोन माझ्याकडे ठेवला. कोणाचा फोन आला, काय निरोप, कोणता कागद कोणी मागितला, तारखेसह लिहीत गेलो. आज ती वही वहिनींच्या कपाटात दाव्याच्या कागदांबरोबर आहे. समोरच्या काकू रोज संध्याकाळी सातला कचरा घेऊन जायच्या. बेल वाजवायच्या नाहीत, पिशवी दाराबाहेर ठेवलेली असायची. हे पाच महिने चाललं. वहिनी नंतर म्हणाल्या, सात वाजले की बाहेर कोणीतरी येऊन जातं एवढं कळायचं, तेवढं पुरे व्हायचं.

एकांत हवा असतो हे खरं आहे. पण एकांत आणि एकटेपण यांत फरक आहे. आणि हिशेब उलटा असतो: पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असतं, बसायला जागा नसते. खरी गरज तिसऱ्या महिन्यात लागते, नातेवाईक आपापल्या घरी गेल्यावर, चौकशीच्या तारखा लांबत चालल्यावर.

‘गेलेल्याचं नाव काढू नका.’ नाव काढल्यावर डोळ्यांत पाणी येतं, म्हणून लोक घाबरतात. जणू आपण आठवण करून दिली नसती तर वहिनी विसरूनच गेल्या होत्या! शोकाचा अभ्यास करणारेही एके काळी मृताशी बंध तोडणं हेच सावरणं असं मानत. 1996 साली डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी ही समजूत उलटी केली. गेलेल्या माणसाशी नातं बदलतं, पण चालू राहतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते निरोगीच असतं, असं त्यांनी मांडलं. जगभर कितीतरी रस्त्यांच्या कडेला पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या जुन्या सायकली साखळीने बांधलेल्या दिसतात. सायकलस्वार जिथे गेला तिथेच त्या ठेवतात. 2003 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये हे सुरू झालं. कोणीतरी त्या जागी नाव काढतंय, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे तसं काही केलं नाही. ‘दादा जिन्यात सायकल लावताना घंटी वाजवायचे, आता साडेसहा झाले की कान तिकडे जातो,’ असं मी एकदा बोलून गेलो. वहिनी रडल्या. मग अर्धा तास दादांबद्दल बोलत राहिल्या. त्या दिवसापर्यंत माझ्याशी त्या फक्त कागदांबद्दल बोलत होत्या.

‘दोन-तीन दिवसांत सगळं बोलायला लावा.’ हे कलम शास्त्रीय वाटतं आणि म्हणूनच सगळ्यांत घातक आहे. आघातानंतर लगेच माणसाला बसवून घटना तपशिलाने सांगायला लावायची, ही पद्धत 1980 च्या दशकात अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांतून पुढे आली आणि सगळीकडे पसरली. मग तिची तपासणी झाली. त्यातला एक प्रयोग तर रस्ता अपघातातल्याच जखमींवर होता. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड मेयू आणि सहकाऱ्यांनी काहींशी अशी एक बैठक घेतली, काहींशी घेतली नाही, आणि 3 वर्षांनी पुन्हा पाहिलं. निष्कर्ष 2000 साली आला: बैठक झालेल्यांची अवस्था अधिक वाईट होती. सुरुवातीला ज्यांना सर्वांत जास्त त्रास होत होता, ते बैठक न घेता सावरले होते आणि बैठक घेतलेले अडकून पडले होते. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही हेच सांगते: बोलायचं असेल तर ऐका, बोलायला भाग पाडू नका.

म्हणजे समुपदेशक नकोच, असं नाही. पण चौथ्या दिवशी शेजाऱ्याने तो दारात आणून उभा करू नये. आणि ‘नेमकं कसं झालं हो?’ हा प्रश्न काळजीने विचारला तरी त्या माणसाला पुन्हा रस्त्यावर नेऊन उभं करतो. आमच्या ग्रुपवर तर कोणीतरी घटनास्थळाचा व्हिडिओच टाकला होता. मी टाकणाऱ्याला फोन करून तो काढायला लावला आणि पुढे ज्यांना गेला होता त्यांनाही एकेकाला फोन केले. दादांच्या मुलीच्या वर्गातल्या मुलांकडे फोन आहेत. अशा वेळी ज्याच्या हाती ग्रुप आहे, त्याचं पहिलं काम हेच.

‘पाच पायऱ्या, सहा महिने.’ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ज्या पाच अवस्था मांडल्या, त्या असाध्य आजाराने मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला त्या नंतर चिकटवल्या गेल्या. नाकारणं झालं, आता राग यायला हवा, असं कोणी वेळापत्रक लावून रडत नाही. मला त्यापेक्षा मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांची 1999 ची मांडणी पटते, कारण ती डोळ्यांसमोर दिसली. माणूस दोन टोकांमध्ये जात-येत राहतो, एकदा दुःखात आणि एकदा रोजच्या व्यवहारात, आणि या ये-जा करण्यातच सावरणं असतं. वहिनी एका दुपारी बँकेत खातं बदलताना कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून हसत आल्या. संध्याकाळी त्यांना दादांचा शर्ट धुवायच्या कपड्यांत सापडला. त्या हसल्या म्हणून ‘सावरल्या बघ’ म्हणणारेही होते आणि ‘इतक्यात हसते कशी’ म्हणणारेही.

सहा महिन्यांचा आकडा कुठून आला असावा याचा अंदाज येतो. आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या 11 व्या आवृत्तीत प्रदीर्घ शोकविकार ठरवायला किमान 6 महिने उलटलेले असावे लागतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2022 च्या नियमांत प्रौढांसाठी हीच मर्यादा 12 महिने आहे. निदान त्याच्या आत करू नये, म्हणून घातलेली ही अट आहे. मेसेजने तिची सावरण्याची मुदत करून टाकली. वर्ष उलटूनही माणूस रोजच्या रोज त्याच जागी गोठलेला असेल, जेवण-झोप-काम काहीच चालत नसेल, तर मात्र डॉक्टरकडे सोबत जायचं. आणि जगण्यातच अर्थ नाही असं कोणी बोललं, तर वर्ष काय, तास मोजायचा नाही. त्या क्षणी थांबायचं आणि मदत बोलवायची.

‘मुलांना खरं सांगू नका.’ दादांचा मुलगा 6 वर्षांचा. त्याला सांगितलं होतं की बाबा गावाला गेलेत. साधारण पाच आठवड्यांनी पोलिसांकडून सायकल परत मिळाली. पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं वळलेलं, सीट उलटी फिरलेली, हँडलवरची घंटी मात्र शाबूत. वहिनींना ती बघवेना, म्हणून मी ती माझ्या गॅलरीत चादर टाकून ठेवली. पोराने चादर उचलली, घंटी वाजवून बघितली आणि मला विचारलं, ‘काका, ही दुरुस्त झाली की बाबा येतील ना?’

त्याने मनात गणित केलं होतं. सायकल मोडली म्हणून बाबा येऊ शकत नाहीत. त्याच्याकडे दिलेल्या माहितीत हे गणित अगदी बरोबर होतं. मी उत्तर दिलं नाही, ते माझं काम नव्हतं. वहिनींना सांगितलं आणि त्यांनी त्याच रात्री त्याला साध्या शब्दांत सांगितलं: बाबा मेले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही. ‘झोपले’, ‘गावाला गेले’, ‘देवाने नेलं’ असं ऐकलेली मुलं झोपायला घाबरतात, गावाला घाबरतात. ‘मेले’ हा शब्द मोठ्यांना जड जातो. मुलाला तो धरायला एक टोक देतो.

आता ते ठळक अक्षरांतलं शेवटचं कलम. हेल्मेट घालावं, पडल्यावर डोक्याची इजा कमी होते, यात वाद नाही. पण सायकलचं हेल्मेट कशासाठी तपासलेलं असतं ते पाहा. युरोपीय मानकात ते सपाट पृष्ठावर सेकंदाला 5.42 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 20 किलोमीटर वेगाने आपटून बघतात. सायकलवरून पडणं साधारण एवढ्याच वेगाचं. मागून आलेल्या मोटारीचा धक्का वेगळा. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ताशी 50 च्या वेगात ताशी 30 च्या जवळजवळ पावणेतीन पट. छाती आणि पोट फुटलं असेल तर डोक्यावर काय होतं याला अर्थ राहत नाही. दादांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मेसेज पाठवणाऱ्या तिघांनाही हे माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये रस्त्यांवर सुमारे 11.9 लाख माणसं मेली, त्यांत सायकलस्वार सुमारे 6 टक्के. वर्षाला सत्तर हजार घरं, आणि प्रत्येक घरी कोणीतरी ‘पण त्यांनी कडेने चालवायला हवी होती’ म्हणायला येतंच.

हे का येतं? मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये एक प्रयोग केला. एका व्यक्तीला विजेचे झटके बसताना दिसत होते (प्रत्यक्षात ते नाटक होतं) आणि लोक बघत होते. ज्यांना तिची सुटका करता येत होती, त्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. ज्यांच्या हातात काहीच नव्हतं, ते हळूहळू तिलाच कमी लेखू लागले. काही करता येत नसलं की दोष द्यावासा वाटतो, कारण चूक त्याची असेल तर आपण सुरक्षित. म्हणून मला वाटतं, हा मेसेज सगळीकडे फिरतो याचं कारण त्याच्या पहिल्याच कलमात आहे. आधी शेजाऱ्यांना दारापासून लांब ठेवलं, काही करू नका सांगितलं, मग रिकाम्या हातांना धडा काढायला बसवलं. समोरच्या काकूंच्या तोंडून हेल्मेट हा शब्द मी एकदाही ऐकला नाही. त्यांना रोज संध्याकाळी सातला काम होतं.

चूक कोणाची ते चौकशी ठरवेल. तिथे तुम्ही काही पाहिलं असेल तर पोलिसांना जबाब द्या, जिन्यात बोलू नका.

गाडी चालवणारा मुलगा आमच्या मागच्याच गल्लीतला. तो घराबाहेर पडत नव्हता, आणि त्याच्या आईला कोणी ओळख देत नव्हतं. तिच्याशी बोललो म्हणजे वहिनींची बाजू सोडली, असं मानणारे आजही आहेत. मी दोन्ही घरांत जातो. एका घरातलं दुसऱ्या घरात नेत नाही. त्या मुलाला भेटून माफी मागायची होती. मी त्याला एवढंच म्हटलं की ते तुझ्या मनाची वेळ बघून नाही व्हायचं, त्यांनी बोलावलं तर जा, आणि त्याआधी वकिलाशी बोल. वहिनींनी अजून बोलावलेलं नाही.

सायकल अजून माझ्या गॅलरीतच आहे. पोरगा अधूनमधून येतो, चादर वर करतो, घंटी एकदा वाजवतो आणि जातो. पुढच्या महिन्यात वर्ष होईल. त्या दिवशी घरात कोणी असावं की नसावं, हे मला या आठवड्यात वहिनींना विचारायचं आहे.