दोन मोठे स्पीकर कोपऱ्यात टांगायचं थांबवा आता

नव्या हॉटेलच्या भिंती रंगल्या, दिवे लागले, फॉल्स सीलिंगचा शेवटचा बोर्ड बसला, आणि उद्घाटन चार दिवसांवर आलं की कुणाला तरी आठवतं: अरे, म्युझिकचं राहिलं! वरातीमागून घोडं. आता वायर ओढायला जागा नाही, म्हणून दोन दणकट पार्टी स्पीकर आणायचे, दोन कोपऱ्यांत टांगायचे आणि झाली म्हणे सिस्टीम. अहो, झाली कुठे? जेवायला आलेल्या माणसांच्या कानांचे हाल मात्र सुरू झाले.

साधं गणित आहे, ते कुणी करतच नाही याचा संताप येतो. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाची पातळी मोजायचं माप) उतरतो. कोपऱ्यातल्या स्पीकरपासून १ मीटरवर एक टेबल आणि ८ मीटरवर दुसरं, तर फरक १८ डेसिबलचा. बंद हॉलमध्ये भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजामुळे तो फरक कमी होतो, पण तोच परतलेला आवाज बोलण्यातले शब्द गढूळ करतो. म्हणजे लांबच्या टेबलाला ऐकू यावं म्हणून जवळच्या टेबलावरच्या माणसांनी ओरडून बोलायचं. आणि माणसं ओरडतातच. भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो हे लोंबार्ड नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्येच लिहून ठेवलंय. मग काउंटरवरचा माणूस म्हणतो गाणी ऐकूच येत नाहीत, आणि व्हॉल्यूम अजून वर. ही चढाओढ रोज रात्री चालते.

उपाय माहीत नसलेला नाही. पुष्कळ छोटे स्पीकर, प्रत्येक हळू. सीलिंग ३ मीटरवर, बसलेल्या माणसाचा कान साधारण १.२ मीटरवर, मधलं अंतर १.८. स्पीकर ९० अंशांत आवाज पसरवत असेल तर कानाच्या पातळीवर ३.६ मीटर व्यासाचा गोल मिळतो. १२ बाय ८ मीटरच्या हॉलला चार बाय तीन असे बारा लावले की बसतं. सहावर भागवलं तर ४ मीटरची अंतरं पडतात आणि मध्ये आवाजाचे खड्डे राहतात. आणि कृपा करून "वॉट किती?" हा पहिला प्रश्न विचारणं सोडा. ९० डेसिबल संवेदनशीलतेच्या, म्हणजे एका वॉटवर १ मीटरवर ९० डेसिबल देणाऱ्या स्पीकरला एकच वॉट दिला तरी १.८ मीटरवर सुमारे ८५ डेसिबल मिळतात. शांतपणे गप्पा मारायच्या हॉलला ६५ पुरतात. ५०० वॉट कशाला लागतात?

आता वायरिंग. इथे तर डोकंच फिरतं. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप; तो जितका कमी, तितका ॲम्पवर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, भार जास्त. ८ ओहमचे चार स्पीकर समांतर जोडले की ॲम्पला दिसतात २ ओहम. सहा जोडले की दीडच्याही खाली. ॲम्प तापतो, प्रोटेक्शनमध्ये जातो म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नाहीतर जळतो, आणि शिव्या कंपनीला. म्हणून १०० व्होल्ट लाइन असते: प्रत्येक स्पीकरवर ट्रान्सफॉर्मर, त्यावर वॉटचे टॅप, म्हणजे त्या स्पीकरने किती वॉट घ्यायचे ते ठरवणारे जोड, एकच दोनतारी वायर या स्पीकरवरून त्या स्पीकरवर. सगळ्या टॅपची बेरीज ॲम्पच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवायची. बारा स्पीकर ५ वॉटवर म्हणजे ६० वॉट, ॲम्प किमान ७५चा. १२० वॉटचा घेतला की निश्चिंत.

पण टॅप बघायला वेळ कुणाला आहे! टॅप निवडायच्या फिरत्या स्विचवर बऱ्याचदा "८ ओहम" अशीही एक जागा असते, तिथे ट्रान्सफॉर्मर वगळून स्पीकर थेट लाइनवर येतो. बारापैकी एक स्पीकर चुकून तिथे राहिला की १०० व्होल्टवर तो एकटा १२५० वॉट मागतो आणि पूर्ण लाइन बसते. ७० व्होल्टच्या लाइनसाठी छापलेला १० वॉटचा टॅप १०० व्होल्टच्या लाइनवर २० वॉट ओढतो. हे शोधायला साधा मल्टिमीटर चालत नाही, तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो. आवाजाच्या एसी सिग्नलला होणारा अडथळा मोजणारा इम्पिडन्स मीटर लावा. ६० वॉटच्या लाइनवर १६७ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. त्याहून बराच कमी आला तर ॲम्प जोडूच नका. आणि खालचे बेस ७० ते ८० हर्ट्झपाशी कापा. नाही कापले तर छोटे ट्रान्सफॉर्मर सॅच्युरेट होतात, म्हणजे त्यांची क्षमता संपून आवाज फाटतो, आणि मग "स्पीकर फाटला" म्हणून तक्रार.

स्टीरिओचा हट्ट हा अजून एक छळ. डावा चॅनेल या भिंतीला, उजवा त्या भिंतीला, म्हणजे अर्ध्या लोकांना गिटार आणि अर्ध्यांना पियानो. मोनो करा, म्हणजे दोन्ही चॅनेल मिसळून सगळीकडे एकच आवाज. तेही प्लेयरचे दोन आउटपुट वाय केबलने (दोन तोंडांची एक करणारी वायर) एकमेकांवर जोडून नव्हे. प्रत्येक चॅनेलला ४७० ओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र करा, नाहीतर ॲम्पचा मोनो इनपुट वापरा.

गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आहेत. जीव जाईल कुणाचा तरी! गुणगुण बहुतेकदा ग्राउंड लूपची असते, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून आणि ऑडिओ वायरमधून फिरणाऱ्या विजेची, ती प्लेयर आणि ॲम्पच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकून जाते. अर्थिंगला हात लावायचा नाही.

वॉशरूम, बार, प्रवेशद्वार यांना वेगळे झोन हवेत, आणि भिंतीवरच्या प्रत्येक व्हॉल्यूम कंट्रोलचं रेटिंग त्या झोनच्या एकूण वॉटपेक्षा जास्त हवं. ॲम्प स्वयंपाकघराच्या भिंतीलगतच्या बंद कपाटात कोंबू नका, तेलकट वाफेने पंखा चिकटतो आणि उन्हाळा लागला की दर तासाला आवाज बंद.

आणि तो मॅनेजरचा मोबाइल ब्लूटूथवर! फोन आला की गाणं बंद, मॅनेजर मागच्या खोलीत गेला की गाणं तुटक, मेसेज आला की पूर्ण हॉलमध्ये टुंग. लॅन वायरवरचा साधा प्लेयर ठेवा, आणि खाते धंद्यासाठी परवाना असलेलं घ्या. घरगुती स्ट्रीमिंग खात्याच्या अटींत सार्वजनिक वापर बसत नाही, आणि गाणी बनवणाऱ्यांचे पैसे बुडवून आपण गल्ला भरायचा हे बरोबरही नाही.

कोणता स्पीकर कोणत्या झोनमध्ये, किती वॉटच्या टॅपवर, वायर सीलिंगमध्ये कुठून गेली, एवढं एका कागदावर लिहून ॲम्पच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला दहा मिनिटं लागतात. तेवढंही कुणी करत नाही. मग वर्षभराने एक स्पीकर मुका झाला की तो शोधायला पुन्हा सीलिंग फोडायचं.