आवाज लावणं

माझ्याकडे बारा वर्षं गिटारचं एक जुनं मल्टिइफेक्ट, म्हणजे गिटारचा आवाज बदलून देणारं यंत्र, होतं आणि आमचं बरं चाललं होतं. त्यात शंभर आवाज होते. मी तीन वापरायचो. एक स्वच्छ, एक किंचित खरखरीत आणि एक असा, की तो लावला की पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवायचे. उरलेले सत्त्याण्णव शोकेसमधल्या कपबश्यांसारखे. आहेत, एवढंच.

आमच्या ऑफिसच्या बँडमध्ये सगळे चाळिशी ओलांडलेले, फक्त ड्रमर चोवीस वर्षांचा. त्याने एकदा माझ्या यंत्राकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे केळकर म्युझियमला देऊन टाका. मस्तानी महालाशेजारी छान दिसेल."

त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत नव्या मॉडेलरची, म्हणजे अँप्लिफायरच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या यंत्राची, माहिती वाचत बसलो. महिनाभराने खोकं घरी आलं. किंमत मी डॉलरमध्ये सांगितली होती. "सहाशे," म्हटलं. बायको "बरं" म्हणाली आणि मेथी निवडत राहिली. रुपयांतला आकडा तिला बँकेच्या मेसेजवरून कळला, पण तोवर खोकं फोडून झालं होतं.

ज्यांना या व्यसनाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारच्या खऱ्या अँपमध्ये, म्हणजे अँप्लिफायरमध्ये, व्हॉल्व्ह असतात, आजोबांच्या रेडिओत असायचे तसेच. तो भरपूर मोठा केला की त्याचा आवाज फाटतो, आणि त्या फाटण्यासाठीच सगळी मरमर. कोथरूडच्या टू बीएचकेमध्ये हे केलं तर सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा भरते. म्हणून ते फाटणं गणिताने करून देणारी यंत्रं निघाली. १९९८ साली लाइन सिक्सचा पॉड आला, लालभडक आणि आकाराने थेट राजम्याचा दाणा. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स आला, २०११ मध्ये केम्पर, जो खऱ्या अँपला आवाज ऐकवून त्याची नक्कल उतरवून घेतो. आता तर हेच काम न्यूरल नेटवर्क करतं. थोडक्यात, तीस किलोच्या लाकडी पेटाऱ्यासारखा आवाज डब्याएवढ्या यंत्रातून यावा म्हणून जगभरचे हुशार लोक पाव शतक राबलेत, आणि त्यातला शेवटचा टप्पा, म्हणजे बटणं फिरवणं, माझ्याकडे होता.

पहिल्या दिवशी अँपची यादी उघडली. या यंत्रांत अँपना खऱ्या नावाने हाक मारत नाहीत, ट्रेडमार्कची भानगड असते. मार्शल म्हणायचं नाही, 'ब्रिट' काहीतरी म्हणायचं. व्हॉक्सचा एसी ३० असेल तर 'एसेक्स', फेंडर असेल तर नुसतं 'यूएस'. माझी आजी आजोबांचं नाव कधी घेत नसे. "इकडून येणं झालं का?" असं विचारायची. तोच प्रकार. यादीत शंभरेक 'इकडून' होते आणि त्यातलं आपलं माणूस कोणतं हे ओळखायचं होतं.

अँप ठरला की कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. कॅबिनेटनंतर त्याच्यासमोर माइक, आणि हा माइक सरकवायचा! माइक अस्तित्वात नाही, कॅबिनेट अस्तित्वात नाही, पण स्पीकरच्या मध्यावर धरला तर आवाज टोचतो आणि कडेला नेला तर गोधडीतून आल्यासारखा येतो. एक इंच मागे, अर्धा इंच डावीकडे. एका शनिवारी दुपारी जेवण झाल्यापासून चहापर्यंत मी नसलेला माइक नसलेल्या स्पीकरसमोर हलवत होतो. बायकोने दारातून विचारलं, "काय करतोयस?" या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही असे क्षण संसारात कमी येतात.

मग हाय कट, लो कट. गिटारचा बारा इंची स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर फारसं काही ऐकवतच नाही, हेडफोन मात्र सगळं ऐकवतो. म्हणून वरचं कापायचं. खाली ऐंशी-शंभर हर्ट्झच्या आसपास बेस गिटारवाल्याची हद्द सुरू होते, म्हणून तेही कापायचं. किती कापायचं याबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं, पुरणपोळीत जायफळ किती घालायचं यावर आहे तसं.

दरम्यान फर्मवेअर अपडेट आलं. स्क्रीनवर लाल अक्षरांत सूचना होती की अपडेट चालू असताना यंत्र बंद करू नका. बासष्ट टक्के झाले आणि मला आठवलं की आज गुरुवार आहे. पुणेकराला गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको. दत्ताचा वार आणि लाइट जाण्याचा वार. आमच्या इन्व्हर्टरवर दोन पंखे, एक ट्यूब आणि राउटर एवढंच आहे. मी राउटरचा प्लग उपटला, यंत्राचा तिथे लावला आणि मनातल्या मनात दत्ताचं नाव घेत बसलो. मग लक्षात आलं की प्लग बदलताना यंत्र बंद झालं होतं. म्हणजे सूचना मोडणारी महावितरण नव्हे, मीच. यंत्र दयाळू निघालं. अपडेट पहिल्यापासून सुरू झालं आणि पार पडलं. त्या दिवशी लाइट गेलीच नाही.

तीन आठवडे असे गेले आणि एका रात्री मला माझंच हसू आलं. मी काय करत होतो? जुन्या यंत्रातले माझे तीन आवाज नव्यात उतरत नव्हते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून, कान लावून, नव्यातून जुन्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न करत होतो. नवा फ्लॅट घेऊन त्यात चाळीतली मोरी बांधावी तसं. निर्णय होईना म्हणून बायकोची परीक्षा घेतली. पहिला चांगला की दुसरा? "दुसरा," ती न बघता म्हणाली. मी खूश झालो, मग पाहिलं तर दुसऱ्याचा व्हॉल्यूम नकळत थोडा वर होता. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. राजकारण याच तत्त्वावर चालतं.

शेवटी तीन आवाज सिद्ध झाले. रात्री हेडफोनवर ते असे लागायचे, की माझ्या डोळ्यांत पाणी. शनिवारी जॅमरूममध्ये नेले आणि मोठे केले. बेसिस्टने कान झाकले. वरून काच फुटल्यासारखं, खालून पिंप गडगडल्यासारखं. याचं कारण बेल लॅब्समधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच शोधून ठेवलंय. आवाज बारीक असला की आपल्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही कमी ऐकू येतात. म्हणून रात्री मी दोन्ही वाढवत गेलो, आणि जॅमरूममध्ये व्याजासकट वसुली झाली. ड्रमर म्हणाला, "सर, जुनं म्युझियमला दिलं नाहीत ना अजून?"

पुन्हा पहिल्यापासून. आता दिवसा, हेडफोनशिवाय, स्पीकरवर. आई सकाळी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून तासभर गाते. त्या डबीला मोजून चार बटणं, आणि आईच्या कानावर सवाई रमणबागेत भरायचा तेव्हापासूनचे संस्कार. तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली.

"दुसरी तार उतरलीय रे."

"आई, मी प्रेझेन्सचं बटण बघतोय."

"बघ की. पण ती उतरलीय."

यंत्रात अव्वल दर्जाचा ट्यूनर आहे. मी तो महिनाभरात एकदाही उघडला नव्हता. उघडला. दुसरी तार उतरलेली होती. जो कर्कशपणा मी पाच ठिकाणी इक्वलायझर लावून कापत होतो, त्यातला निम्मा खुंटी पाव वेढा फिरवल्यावर गेला. आई दारातून वळून म्हणाली, "महिना झाला, अजून आवाजच लावतोयस. गाणार कधी?"

उरला हम, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण. माझ्या गिटारला जुन्या पद्धतीचे सिंगल कॉइल पिकअप आहेत. चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. ते गिटारच्या तारेचं कंपन पकडतात आणि भिंतीतल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुणही तितक्याच भक्तिभावाने पकडतात. याला उपाय नाही असं नाही. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी दोन कॉइल उलटसुलट जोडून हंबकर बनवला आणि १९५५ मध्ये पेटंटचा अर्जही केला. पण मला तो एकेरी आवाजच आवडतो, आता काय करणार. नॉइज गेट नावाचं एक दार यंत्रात आहे, पण ते वाजवणं थांबल्यावर बंद होतं. वाजवायला लागलं की दार उघडून हम आपला आत.

शोध असा लागला, की फिरत्या खुर्चीत बसून हळूहळू गोल फिरलं तर एका दिशेला हम एकदम विरतो. पिकअपचा आस हमच्या चुंबकीय क्षेत्राला आडवा आला की त्याला काही पकडता येत नाही. आमच्या घरात ती दिशा नैऋत्य. वास्तूची पूजा सांगणाऱ्या गुरुजींनी याचा उल्लेख केला नव्हता.

आणि मग गणपती आले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाचव्या दिवशी आमच्या बँडचा अर्धा तास. जागा एवढीशी, म्हणून मखरापुढेच स्टेज. मखराला यंदा समितीने डोळे दिपवणाऱ्या माळा लावल्या होत्या, लुकलुकण्याचे आठ प्रकार असलेल्या. मी प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहिलो, व्हॉल्यूम वर केला आणि स्पीकरमधून भुंगा सुटला. साधा नव्हे. माळा लुकलुकतील त्या तालात तोही लुकलुकत होता.

समितीच्या काकू पुढच्याच खुर्चीत होत्या. मी वाकून म्हणालो, "काकू, माळा अर्धा तास बंद केल्या तर?"

"बाप्पाला अंधारात बसवायचं? गिटारसाठी?"

गेट लावलं. पहिला सूर वाजवताच भुंगा परत. पिकअपचा स्विच मधल्या घरात सरकवला. हम कमी झाला, पण सोबत आवाजाचा जीवही गेला. ज्याच्यासाठी दीड महिना घालवला तो हा नव्हताच. ड्रमरने काठ्या आपटून चार मोजले होते. आता एकच उपाय उरला. मी उभ्या उभ्या वळायला लागलो. डावीकडे थोडा कमी. जिन्याकडे आणखी कमी. पूर्ण वळून मखरासमोर आलो, आणि शांतता. माझा आवाज, बटणं फिरवून फिरवून मिळवलेला, जसाच्या तसा. अर्धा तास मी प्रेक्षकांकडे पाठ करून, गणपतीच्या डोळ्यांत डोळे घालून वाजवत राहिलो. माझी दोन सोलो लोकांनी माझ्या टकलावरून पाहिली.

आरतीनंतर प्रसादाची वाटी घेऊन काकू स्वतः आल्या. पार्किंगच्या जागेवरून दीड वर्षं आमचं धड बोलणं नव्हतं, ते त्यांनी सुरू केलं.

"मी तुम्हाला उगाच बोलले हो मगाशी," त्या म्हणाल्या. "हल्ली एवढ्या श्रद्धेने कोण वाजवतं? सगळा वेळ देवाकडे तोंड! लोकांकडे एकदा वळून पाहिलं नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "त्या ढोलवाल्या मुलालाही जरा सांगा. पहिल्यापासून शेवटपर्यंत बाप्पाकडे पाठ करून बसला होता."