खुलासा: वसई धर्मप्रांत पोर्तुगीजांनी स्थापलेला नाही

‘वसई धर्मप्रांत पोर्तुगीजांनी स्थापन केला’ असा मेसेज सध्या फिरतोय. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतला कॅथलिक चर्चचा विभाग. पोर्तुगीज काळात इथे चर्च उभी राहिली हे खरं, पण वसईला स्वतंत्र धर्मप्रांत तेव्हा नव्हता. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. त्यानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी, १९९८ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुंबई महाधर्मप्रांतातून हा भाग वेगळा केला. व्हॅटिकनच्या नोंदीत हे वर्ष आहे. पहिले बिशप थॉमस डाबरे, वसईचेच सुपुत्र. इथली उपासना मराठीत चालते, हेही मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीत नसावं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर हा मजकूर टाका.